उजव्या छातीवरची पदकं

मी पदकं उजव्या छातीवर लावून गेलो.

फौजेत हे चालत नाही. आपली पदकं डाव्या छातीवर लावायची. उजवीकडे लावायची ती बापाची, नवऱ्याची, भावाची. म्हणजे जो गेला त्याची. आणि मी चांगला धडधाकट, विजय दिवसाच्या सकाळी, स्वतःच्याच मयताला निघाल्यासारखा निघालो.

कसं झालं ते सांगतो. घरात भिंतीवर माझा वर्दीतला जुना फोटो आहे. फोटोत पदकं ज्या बाजूला दिसतात, आरशात बघून मी त्याच बाजूला टाचली. आरशानं फसवलं. एखाद्या मास्तरचं असं झालं असतं तर समजू शकतो. पण मी न्हावी आहे. माझं सगळं आयुष्य आरशासमोर गेलं.

पदकं दोनच आहेत. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेला जे जे होते त्या सगळ्यांना मिळालेली. त्यात माझी खास मर्दुमकी काही नाही. मी पलटणीचा न्हावी होतो. फौजेत न्हावी असतो, धोबी असतो, मोची असतो. सगळ्यांना वर्दी असते. गोळी कुणाला धंदा विचारून लागत नाही.

फोन मेजरसाहेबांचा आला होता. रिटायर्ड मेजर, आमच्याकडच्या माजी सैनिकांच्या समितीचे अध्यक्ष. आमचं नातं जुनं आहे. त्यांचे पूर्वज मराठा सरदारांच्या फौजेबरोबर माळव्यात आले, घोड्यावर बसून. आमचे त्याच घोड्यामागून आले, खांद्याला धोकटी अडकवून. धोकटी म्हणजे वस्तरा, कात्री, वाटी ठेवायची आमची कातडी पिशवी. आता साहेबांकडे घोडा नाही, गाडी आहे. धोकटी आमच्याकडे अजून तीच आहे. दर रविवारी मी त्यांच्या घरी दाढीला जातो. माझे वडील त्यांच्या वडिलांकडे जायचे. मीही लहानपणी बरोबर असायचो. तेव्हा हे साहेब सहा वर्षांचे असतील. गॅलरीतून ओरडायचे, "ए न्हाव्या, तुला बाबा बोलवतायत." माझा बाप तेव्हा चाळिशीचा. तो वर बघून म्हणायचा, "आलो, बाळासाहेब."

मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. उलट माझ्या बापाला एवढ्या मोठ्या घरातले लोक ओळखतात याचा मला अभिमान होता. असा मी हुशार.

तर फोनवर साहेब म्हणाले, "विजय दिवस आहे. माधव नगरच्या हॉलमध्ये एकाहत्तरच्या लोकांचा सत्कार ठेवलाय. तुला यायचंच आहे. नवाला ये."

कार्यक्रम होता अकराचा. मला नवाला का बोलावलं, हे मी विचारायला हवं होतं. मला वाटलं, रिहर्सल असेल. पंधरा ऑगस्टला शाळेतल्या पोरांची नाही का घेत. मी बायकोला सांगितलं. तिनं आमच्या नानाखेड्याच्या सगळ्या कॉलनीला सांगितलं. कॉलनीत मला लोक नाईकाका म्हणतात, नाई म्हणजे न्हावी. बायको म्हणाली, "आता कळेल एकेकाला." ती शेजारणींना घेऊन मागून येणार होती. माझं नाव माईकवर ऐकायला.

मी कोट घातला, पदकं चुकीच्या जागी टाचली आणि नवाच्या ठोक्याला हॉलवर हजर झालो.

स्टेजच्या बाजूच्या खोलीत चार-पाच म्हातारे बसले होते. सगळे माझ्यासारखेच, लढाईतले. कुणाच्या कानात मशीन, कुणाच्या हातात काठी. साहेब मधोमध उभे. मला बघून म्हणाले, "आलास? सामान कुठंय?"

"कसलं सामान?"

"अरे, दाढीचं. हे बघ कसे आलेत सगळे. मंत्री येतायत, फोटो निघणार. सगळ्यांना जरा नीट कर."

तेवढ्यात त्यांची नजर माझ्या छातीवर गेली. "आणि हे काय? मेडल उजवीकडे? कुणाची आहेत? वडिलांची?"

खोलीत हशा झाला. म्हातारेही हसले. मला वाईट ह्याचं वाटतं, की मीसुद्धा हसलो.

"माझीच आहेत, साहेब. चुकून लागली."

"बरं, बरं. तू मागं फॅमिलीवाल्यांच्या लाइनीत बसशील. स्टेजवर फक्त लढलेले लोक घेतोय. आधी सामान घेऊन ये, जा."

आणि मी गेलो.

हे मला लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. कुणी ढकललं नाही, दटावलं नाही. पाय आपोआप वळले. माझ्या बापाचे पाय होते ते. बाहेर येऊन रिक्षा केली. रिक्षावाल्यानं कोट बघितला, पदकं बघितली, म्हणाला, "किसी का सम्मान है क्या, बाबूजी?" मी म्हटलं, "हाँ, है किसी का."

दुकान नानाखेड्याला, बसस्टँडच्या पलीकडे. शटर अर्धं उचललं, वाकून आत गेलो, धोकटी खांद्याला लावली. वळलो तर समोर आरसा. आरशात एक म्हातारा. कोटावर मेलेल्या माणसाची पदकं आणि खांद्याला धोकटी.

तिथंच खुर्चीत बसलो. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत.

लढाईत आमच्यासारख्यांना दिवसा स्ट्रेचर उचलावं लागायचं. संध्याकाळी माझं दुसरं काम. कमांडिंग साहेबांचा हुकूम होता, जी पोरं गेली ती स्वच्छ होऊन जातील. एका शाळेच्या पडवीत त्यांना ओळीनं निजवलेलं असायचं. मेलेल्या माणसाची दाढी करणं सोपं नसतं. जिवंत माणूस गाल फुगवतो, मान वळवतो, वेळेला शिव्या देतो. मेलेला काही मदत करत नाही. एकाला तर दाढीच आली नव्हती. नुसती मिसरूड. मी तरी साबण लावला. वस्तरा हलका फिरवला. त्याला वाटायला नको, की आपल्याला वगळलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. न्हाव्यानं लढाईत काय केलं, हे कुणी विचारतच नाही. आणि मी बडबड्या. दुकानात जगातल्या सगळ्या गोष्टी सांगतो, ही एक सोडून.

फक्त लढलेले लोक.

मी उठलो. पदकं काढली, डाव्या छातीवर लावली. यावेळी आरशात न बघता, हातानं काळीज चाचपून. आणि परत माधव नगर.

तोवर हॉल भरत आला होता. साहेब दारातच भेटले. "किती वेळ लावलास? त्या काठीवाल्या सुभेदारांपासून सुरू कर."

"साहेब, मी दाढी करणार नाही. मी सत्काराला आलोय."

ते हसले. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबले. मला कोपऱ्यात घेतलं, खांद्यावर हात ठेवला. माणूस दुष्ट नाही. दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

"वाईट वाटून घेऊ नको. तुझं नाव वाचतो, वर ये. पण नुसतं जवान म्हणतो. न्हावी वगैरे माईकवर कशाला? पेपरवाले आहेत. तुलाच कसंतरी होईल."

"मला नाही होणार."

"मग मला होईल," साहेब म्हणाले.

इतकं खरं ते माझ्याशी जन्मात बोलले नव्हते.

खोटं कशाला सांगू, मी क्षणभर भुललो. शाल मिळेल, फोटो निघेल, बायको टाळ्या वाजवेल. कॉलनीत उद्यापासून जवानकाका. पण मग वर जाईल तो कुणीतरी जवान. ज्यानं त्या पोरांच्या गालाला साबण लावला तो धोकटी घेऊन खालीच उभा राहील. पुन्हा घोड्यामागं.

"नाव, पलटण, आणि न्हावी," मी म्हटलं. "तिन्ही वाचा."

"मग वर येऊ नकोस."

"येणार."

कार्यक्रम सुरू झाला. मंत्री आले, हार झाले. साहेबांनी माईकवर सांगितलं, "अब हमारे योद्धा." म्हातारे एकेक करून वर गेले. माझं नाव आलं नाही. मी पायऱ्या चढलो आणि रांगेच्या टोकाला उभा राहिलो. खांद्याला धोकटी. मुद्दाम नेली होती, असं मी आता लोकांना सांगतो. खरं म्हणजे कुठं ठेवावी ते सुचलं नाही.

साहेब माईकवर हात ठेवून, ओठ न हलवता म्हणाले, "खाली उतर. तमाशा करू नको. हा लढलेल्यांचा मान आहे."

"साहेब, तुम्ही कुठं होतात तेव्हा?"

ते शाळेत होते. मला ठाऊक होतं. त्या वर्षी त्यांच्या वडिलांची दाढी माझा बाप करत होता, आणि बापाचा पोरगा बंगालमध्ये स्ट्रेचर उचलत होता.

शाल रांगेतून पुढं सरकत आली. माझ्या शेजाऱ्याला मिळाली. माझ्यापाशी आली आणि माघारी गेली. मी पुढं झालो आणि माईक धरला.

"मैं पलटन का नाई था," मी म्हटलं. "लड़ाई में स्ट्रेचर उठाए। जो नहीं बचे, उनकी दाढ़ी बनाई। मेरा नाम किसी ने नहीं पढ़ा, तो मैं खुद पढ़ता हूँ।" नाव सांगितलं. पलटण सांगितली. पुन्हा एकदा सांगितलं, नाई. पाठ ताठ, आवाज परेडचा.

माईक साहेबांनी केव्हाच बंद करायला लावला होता. मला पत्ता नाही. मी आपला गर्जतोय, आणि माझी गर्जना तिसऱ्या रांगेपर्यंत जाऊन बसतेय. टाळी एकच वाजली. ज्या म्हाताऱ्याच्या कानात मशीन होतं त्याची. त्याला कितपत ऐकू आलं कोण जाणे.

मी सॅल्यूट केला, उतरलो आणि हॉलच्या मधून चालत बाहेर आलो. मागच्या दारानं नाही.

त्या रविवारी मी मेजरसाहेबांकडे गेलो नाही. फोन आला. मी सांगितलं, "साहेब, दुकानात या. खुर्ची आहे, नंबर लागेल. माझ्या दुकानात मी कुणाला अरे-तुरे करत नाही, आणि करून घेतही नाही." अजून आलेले नाहीत. नाही आले तरी चालेल. माझ्या घराण्याच्या घरपोच दाढ्या संपल्या. आणि पुढच्या विजय दिवसाला मी जाणार आहे. बोलावलं तरी, नाही बोलावलं तरी. त्याच रांगेत, त्याच टोकाला, धोकटी लावून. या वेळी मुद्दाम. शाल नको मला. नाव, पलटण, न्हावी. हे तीन शब्द त्या माईकवरून निघेपर्यंत दर वर्षी जाणार. माईक बंद केला तर भाजीवाल्याचा भोंगा मागून आणीन.

हॉलमधलं सगळं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जाणार हेही, मी बायकोला विजय दिवसालाच घरी जाताना रिक्षात सांगितलं होतं. ती मागच्या रांगेत होती, तिला माझं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. शाळेच्या पडवीचंही सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग तिनं माझ्या कोटाकडे बघितलं. पदकं डावीकडे होती, पण उलटी टाचलेली. पाठ पुढं, तोंड आत.

"पुढच्या वर्षी पदकं मी लावीन," ती म्हणाली. "तुमच्यासारख्याच्या हाती लोक गळा देतात, त्यांचंच मला नवल वाटतं."