हवा भरण्याचे दिवस

मुलगी रांगायला लागली त्याच हिवाळ्यात मला खोकला लागला. आमचं घर विणकरांचं. पुढच्या खोलीत दोन माग होते. एकावर सासरे बसायचे, दुसऱ्यावर माझे यजमान, आणि आम्ही सासू-सुना चरख्यावर सुताच्या कांड्या भरायचो. सुताचा भुगा सगळ्यांच्याच नाकातोंडात जायचा. सासरे तर बारा महिने खोकायचे. त्यामुळे माझ्या खोकल्याचं कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही.

सासूबाईंना मात्र वाटलं. मी खोकले की त्यांचा हात चरख्यावर थांबायचा, आणि मी पुन्हा खोकते का याची वाट बघत त्या तशाच बसून राहायच्या. एका सकाळी माझी कपबशी जागेवर सापडेना. मागच्या खोलीतल्या कोनाड्यात ती पालथी ठेवलेली होती. शेजारी माझी थाळी, माझा पाण्याचा गडवा.

"हे वेगळं काहून ठेवलं?" मी विचारलं.

"राहू दे तिथंच." एवढं बोलून त्यांनी माझ्या मांडीवरची मुलगी उचलली आणि आत नेली. ती अंगावर पीत होती. दाराआड तिचं रडणं ऐकत मी पदर सावरून बसले. त्या दिवसापासून तिला शेळीचं दूध सुरू झालं.

संक्रांतीच्या सुमारास कांडी भरता भरता मला ठसका लागला आणि पांढऱ्या सुतावर रक्त पडलं. फार नव्हतं. सासूबाईंनी कांडी माझ्या हातातून घेतली, चुलीत टाकली आणि जळून जाईपर्यंत चुलीपुढून हलल्या नाहीत.

"आता त्याले सांगाच लागते," त्या म्हणाल्या.

यजमानांनी मला सायकलवर मागे बसवून मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडे धरला आणि डाव्या बाजूच्या एका काळ्या गोल डागावर बोट ठेवलं. फुफ्फुसाला भोक पडलं होतं. क्षय.

"बरी होईन ना जी ही?" यजमानांनी विचारलं.

"लहान मूल आहे का घरात?" डॉक्टरांनी उलट विचारलं. "त्याला हिच्याजवळ जाऊ देऊ नका."

क्षयाच्या दवाखान्यात खाट रिकामी नव्हती. म्हणून मी घरीच, मागच्या खोलीत राहू लागले. कंबरेत इंजेक्शनं, जिभेवर कडू पुड्या, आणि ठरल्या वारी दवाखान्यात जाऊन हवा भरून घ्यायची. बरगड्यांच्या मधून जाड सुई घालून फुफ्फुसाभोवती हवा सोडत, म्हणजे ते दबून निजून राही आणि भोक बुजायला वाव मिळे. सुई आत शिरताना मी छताकडे बघायची. घरी येताना वाटायचं, आपल्या आत कोणीतरी एक खोली बंद करून टाकली आहे.

तिथल्या बाकावर कुहीकडची एक बाई भेटायची. माझ्याच वयाची, मुलगा दोन वर्षांचा. त्याला सासूने ठेवून घेतलं होतं.

"घरातले सारे मले वहिनी म्हन्तात, तं तोही वहिनीच म्हन्ते," असं सांगून ती हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. मी तिची पाठ चोळली. तिच्या बरगड्या हाताला लागल्या.

उन्हाळा लागता लागता ती यायची थांबली. मी नर्सला विचारलं, "त्या कुहीच्या बाई आल्या नाहीत?"

नर्सने उकळत्या पाण्यातून सुई काढली. "बोलू नका. श्वास रोखा," ती म्हणाली.

मी छताकडे बघत श्वास रोखला.

माझ्या खोलीच्या दारात सासूबाईंनी एक फळी आडवी लावली होती. मुलगी त्या फळीला धरून उभी राहायला शिकली. पहिली पावलंही तिने फळीच्या कडेकडेनेच टाकली, माझ्याकडे बघत. मी खाटेवरून टाळ्या वाजवल्या.

वैशाखात एका दुपारी घरभर सामसूम होती. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. माझा डोळा लागला होता. जागी झाले तेव्हा मुलगी फळी ओलांडून कोनाड्याशी पोचली होती आणि माझा गडवा दोन्ही हातांनी तोंडाला लावून पीत होती. मी जिवाच्या आकांताने ओरडले. त्या ओरडण्यानेच रक्त आलं. या वेळी पुष्कळ आलं, लुगड्यावर, जमिनीवर. मुलगी गडवा टाकून भिंतीला चिकटली आणि माझ्याकडे बघत राहिली. ती रडलीसुद्धा नाही.

पाऊस सुरू झाल्यावर तिला खोकला लागला.

मी भिंतीला कान लावून तिचा खोकला ऐकायची. कोरडा, बारीक. मागांचा आवाज चालू असला की ऐकू येत नसे, आणि ते त्याहून वाईट होतं. एकदा सासूबाई जेवण घेऊन आल्या आणि थाळी ठेवून परत गेल्या नाहीत. फळीपलीकडे जमिनीवरच बसल्या.

"माही पोरगी याच खोलीत होती," त्या म्हणाल्या. "सासरच्यांनी आणून टाकली. अशीच खोकत होती."

त्यांना मुलगी होती हे मला लग्नानंतरही कोणी सांगितलं नव्हतं.

"तिला मूल होतं?" मी विचारलं.

त्यांनी फळीवर हात टेकला. मग म्हणाल्या, "म्हून तं तुह्यापासून तोडली हिले. मले दुश्मन समजू नको वं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मुलीला दवाखान्यात नेलं. क्षयाची लागण आहे का ते बघायला तिच्या हातावर टोचलं, तिथे दोन-तीन दिवसांत मोठी लाल गाठ आली. फोटोत छातीत एक लहान डाग निघाला. त्या वेळी क्षयावर नव्या गोळ्या आल्या होत्या. सासूबाई त्या कुटून गुळाच्या पाण्यातून देत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डाग वाळला. "वेळेत सापडला," डॉक्टर म्हणाले.

माझं भोकही बुजलं. पण दबलेलं फुफ्फुस पुन्हा पुरतं फुललं नाही. पाण्याची बादली उचलली की दम लागे, थंडीत बरगड्यांखाली काहीतरी ओढल्यासारखं होई. "आजार झोपलाय असं समजा," डॉक्टरांनी बजावलं. "गेला असं समजू नका."

त्यांनी परवानगी दिली त्या दिवशी सासूबाईंनी फळी काढली आणि मुलीला उचलून माझ्या मांडीवर बसवलं. ती ताठ बसून राहिली, परक्या बाईच्या मांडीवर बसावं तशी. थोड्या वेळाने सासूबाईंकडे बघून म्हणाली, "आजी, उतरू का आता?"

"उतर," मीच म्हणाले.

शाळेत जायला लागल्यावर ती आपणहून माझ्याकडे येऊ लागली, वेणी घालून घ्यायला. पाठमोरी बसायची आणि शाळेतलं काहीबाही सांगायची. तिचे केस हातात असताना मी तोंड बाजूला वळवून श्वास घेत असे.