वडलांच्या मापाची टोपी

उन्हाळ्यात जमवून भिंतीवर लावलेल्या, शिंदीच्या पानांनी विणलेल्या टोप्या तडकू नयेत म्हणून मी त्यांच्यावर पाणी शिंपडते, आणि पानांचा ओला वास सुटला की दिंद्रुडच्या बाजारातली टोप्या विणणारी म्हातारी डोळ्यांसमोर येते. बारीक विणीची टोपी मागितल्यावर तिनं विचारलं होतं, "कुणाच्या डोस्क्याची?" मी म्हटलं, भिंतीवर लावायची आहे, कुठल्याही मापाची चालेल. "भिताडासाटी म्या इनीत न्हाई. माप दाव." माझ्या दोन्ही हातांनी नकळत हवेत एक गोल धरला; शेवटच्या आजारपणात वडलांचं डोकं मीच धूत असे, ते माप हातांत राहिलं होतं. तिनं त्या गोलाभोवती ओलं पान फिरवलं. "लई मोठं डोस्कं हाय. कुणाचं?" "वडलांचं." "मंग त्येन्लाच आनायचं की." मी हवेतला गोल सोडून हात खाली घेतले. तिनं माझ्याकडे पाहिलं, पानाला मापाच्या जागी गाठ मारली आणि दिवस कलेपर्यंत मान वर न करता विणत राहिली. माझ्या डोक्यावर ती टोपी भुवयांच्या खाली उतरते. घरी येणारे पाहुणे बाकीच्या टोप्या हौसेनं घालून बघतात; ही मात्र मी कुणाला देत नाही, दुसऱ्याच्या डोक्यानं माप बदलेल म्हणून.