भांगेच्या बियांचा लाडू आणि मी

आयुष्यात मी एकदाच नशा केली, आणि तीसुद्धा हळदीकुंकवाला.

गंगाखेडला आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे. हिरडा, बेहडा, अश्वगंधा, बाळंतिणीचा काढा. सासऱ्यांच्या वेळेपासून हेच. दुकानात शिरलं की गिऱ्हाईक आधी शिंकतं आणि मग बोलतं. अशा घरात प्रसादशी लग्न होऊन अश्विनी आली. सून पालमची, औषधांचं शिक्षण घेतलेली, हिशेबाला चोख, बोलायला गोड. (सुनेबद्दल मी फार बोलते अशी गल्लीत तक्रार आहे. बोलणारच! त्यांच्याकडं बोलण्यासारख्या सुना नसतील तर मी काय करू?) आता बोलते, पण तेव्हा बोलत नव्हते. तेव्हा मी सासू होते.

पहिल्याच वर्षी तिनं कपाटात भांगेच्या बियांची पाकिटं मांडली. बियांचं तेल, चटणी, पीठ. सगळं रीतसर, परवानगीचा शिक्का असलेलं. मला तिनं दहादा समजावलं.

"आई, नशा पानाफुलात असती. बियात नसती. तिकडं डोंगरातले लोक रोजच्या जेवणात याची चटणी खातात."

"हौ हौ," मी म्हणाले. हातभट्टीवालासुद्धा जमादाराला, पुरणासाठी गूळ भिजत घातलाय असंच सांगतो!

पाकिटं काही खपेनात. गिऱ्हाईक पाकीट हातात घ्यायचं, 'भांग' एवढा शब्द वाचायचं, मागंपुढं बघायचं आणि छटाकभर हिरडा घेऊन पळायचं. शेवटी अश्विनीनं जाहीर केलं की दुकानामागच्या गोदामाची बैठक करायची. लोकांनी तिथंच बसायचं, तिथंच खायचं. लाडू, चटणी-भाकरी, वर चहा. चारचौघांत बसून खाल्लं आणि काहीच झालं नाही की भीती आपोआप मोडते, असं तिचं म्हणणं.

"बघा बुवा," असं आमचे हे म्हणाले. लग्न झाल्यापासून हे प्रत्येक गोष्टीवर एवढंच म्हणतात. मी मात्र कडाडले.

"दुकानात लोकांना भांग खायला बसवतीस? इज्जतीचं काय? लोक काय म्हणतील? आन् माझे पापडाचे डबे कुठं ठेवायचे?"

(खरी चिंता डब्यांची होती.)

"एकदा करून बघू द्या आई," ती शांतपणे म्हणाली. "संक्रांतीला सुरू करते. न्हाईच चाललं तर पुण्याला नोकरीचं बोलावणं हायच. आमी दोघं जाऊ तिकडं."

आमी दोघं! लेक गेला असता तर वाईट वाटलंच असतं, पण खरं सांगते, प्रसाद घरात असला काय नि नसला काय, तो मोबाइलमध्येच राहतो. दुकान बंद झाल्यावर माझ्या शेजारी बसून लसूण सोलणारी, सासऱ्याच्या 'बघा बुवा'ची हुबेहूब नक्कल करून मला पोट धरून हसवणारी ही होती. 'जाऊ नको' म्हणायला काय पैसे पडत होते? पण मी "जा की, तुमची मर्जी!" म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली. पातेल्याला पोचा आला.

गोदाम झालं मात्र देखणं. भिंतींना पिवळा रंग, शहाबादी फरशीची बाकडी, वर पंखा. माझे डबे माळ्यावर गेले. उद्घाटनाला संक्रांतीचं हळदीकुंकू ठरलं, आणि तिळाऐवजी भांगेच्या बियांचे लाडू. ते वळायला मीच बसले. सुनेशी अबोला असला म्हणून काय लाडू वाकडे होऊ द्यायचे?

गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का, आल्या. अश्विनीची आई, माझ्या विहीणबाई, पालमहून एसटीनं आल्या. खोली गच्च भरली. अश्विनीनं ताट फिरवायला सुरुवात केली. आता हळदीकुंकवात हातावर ठेवलेलं कुणी नाकारत नसतं, आणि कुणी नाकारलंही नाही. प्रत्येकीनं लाडू घेतला, कपाळाला लावला आणि पर्समध्ये टाकला!

"घरी जाऊन खाते बाई."

"आमच्या ह्यांना लय आवडतो."

"माझा उपास हाय आज."

"तुमचा तर सोमवारी असतो की!"

"आजबी हाय!"

आक्कांनी लाडू रुमालात बांधला आणि वर गाठ मारली, जसा काही तो सुटून पळणार होता. कहर म्हणजे विहीणबाईंनीसुद्धा हळूच पर्सची चेन उघडली. पोटच्या पोरीचा लाडू!

बसून खायच्या बैठकीत कुणी खात नव्हतं, नुसते चेनचे चर्र चर्र आवाज येत होते. अश्विनी ताट धरून उभी होती. तोंडावर हसू, पण ताटातले उरलेले लाडू ती पुन्हापुन्हा मोजत होती. मला डोळ्यांसमोर पुण्याची गाडी दिसायला लागली. शिवाय रागही आला. मी वळलेला लाडू पर्समध्ये, सुट्ट्या पैशांच्या नि कंगव्याच्या सोबतीला? मी तडक उठले, ताटातला लाडू उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिसरा खाताना कळलं की लाडू झकास झालाय, म्हणून चौथाही घेतला.

आणि मग एकदम आठवलं. अगं बाई, ही तर भांग!

माझ्या लहानपणी आमच्या मामांनी शिमग्याला भांग घेतली होती, त्यामुळं पुढं काय काय होतं याची मला पक्की माहिती होती. आधी कान गरम होतात. मग पंखा उलटा फिरतो. मग मनात असेल ते तोंडावाटे बाहेर पडतं. मी कानाला हात लावला. गरम! वर पाहिलं. पंखा उलटा! (व्होल्टेज पडलं की आमच्याकडचे सगळेच पंखे तसे दिसतात, पण हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं.)

"चढली!" मी जाहीर केलं.

"आई, काय होयलंय तुमाला?" अश्विनी धावत आली.

"मला चढलीय. आता कुणी मधी बोलायचं न्हाई!" मी बाकड्यावर उभी राहिले. "आक्का! तुमची पुरणपोळी दर होळीला फाटती. आमी सगळे 'मऊ झाली' म्हणून गिळतो!"

आक्कांनी रुमालाची गाठ आणखी आवळली.

"आन् विहीणबाई, लग्नात तुमच्या भाताला मी नावं ठिवली. भात चांगला होता. मी दोनदा मागून घेतला! तुमची लेक लय गुणाची हाय. तिच्यापुढं माझं पोरगं म्हंजे नुसता धोंडा!"

"आई!" दारातून प्रसाद ओरडला.

"धोंड्या, तू गप बस!" आणि मग कोण जाणे कसं, मला रडूच फुटलं. "अश्विनी, पुण्याला जाऊ नको गं. मी भांडी आदळते ती रागानं न्हाई, भ्यानं. तू गेलीस तर या घरात मी कुणासंगं हसू? तुझ्यासारखी सून अख्ख्या गंगाखेडात न्हाई, आन् हे मी तुला एकदाबी सांगितलं न्हाई!"

अश्विनीच्या हातातलं ताट कलंडलं आणि दोन लाडू घरंगळत दाराकडं गेले. ते जिथं थांबले तिथं दोन बूट होते. बुटांवर खाकी पँट होती. पोलीस जमादार!

मी बाकड्यावरून अशी उतरले की या वयात पुन्हा तशी उतरणार नाही. अश्विनीला मागं ढकललं आणि हिरव्या बांगड्यांसकट दोन्ही हात पुढं केले.

"सायेब, खबरदार माझ्या सुनेला हात लावाल तर! लाडू मी वळले, गोदाम माझं, हितली सगळी भांग माझी! मला घेऊन चला!"

जमादार गोंधळले. "मावशी, मी आईच्या गुडघ्याचं तेल न्यायला आलोय."

"आधी बेड्या घाला, मंग तेल न्या!"

"बघा बुवा," मागून आवाज आला.

अश्विनीनं माझे दोन्ही हात धरून खाली घेतले. तिचे डोळे भरले होते आणि ओठ हसू दाबत होते. "आई, तुमाला काही चढलेलं न्हाई. बियात नशा नसतीच, मी किती वेळा सांगितलं! तुमी जे बोललात ना, ते सगळं तुमीच बोललात."

जमादारांनी भरल्या ताटातला एक लाडू उचलून तोंडात टाकला. सगळ्या बायका श्वास धरून त्यांच्याकडं बघत राहिल्या. त्यांनी सावकाश चावला, गिळला, मिशी पुसली.

"जवसाच्या लाडवासारखा लागायलाय," ते म्हणाले. "अजून एक द्या. आईलाबी नेतो."

तेवढ्यात आक्कांचा आवाज आला.

"म्हंजे माझ्या पोळीचं ही शुद्धीत बोलली?"

पहिल्यांदा विहीणबाई हसल्या. मग कुणालाच आवरेना. पुन्हा चर्र चर्र चेन वाजल्या, पण या वेळी लाडू बाहेर आले आणि उपासवालीनंही खाल्ला. आक्कांनी रुमालाची गाठ सोडली, लाडू पूर्ण संपवला, पदराला हात पुसला आणि म्हणाल्या, "सुमन, तुझ्या आमटीत डाळ हुडकावी लागती." मी मान खाली घातली. आमटीचं खरं होतं.

पुण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. बैठक अशी चालली की आता पूर्णा जंक्शनहून लोक रेल्वेनं येऊन बसतात, आणि मी प्रत्येकाला "माझ्या सुनेचं हे!" असं सांगते. अश्विनीनं भिंतीवर 'यात नशा नाही' असं ठळक लिहून ठेवलंय. तरी दुपारी बायका जमतात, एकेक लाडू खातात, "मला जरा चढल्यासारखं वाटायलंय" म्हणतात आणि एकमेकींना जे सांगायचं ते सांगून टाकतात. मीही घरी सुनेचं कौतुक करायचं झालं की आधी अर्धा लाडू तोंडात टाकते. जुनी सवय, एकदम सुटत नाही.

परवा मात्र मी हिंमत केली. तिनं केलेली भाजी खाल्ली आणि लाडूबिडू काही न खाता, अगदी कोऱ्या तोंडानं म्हणाले, "अश्विनी, भाजी लय छान झालीय गं."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि प्रसादला हाक मारली, "अहो, गाडी काढा, आईंना दवाखान्यात न्यावं लागतंय!"