मैदानाकडचं पाखं

कुणाच्याही घरात शिरले की ते आधी वर बघायचे. माणसांकडे नंतर.

बोट वाकवून भिंतीवर टकटक करायचे आणि कान तिरका करायचे, समोरचा बोलत असला तरी. वरच्या खिशात पेनाशेजारी कोंबडीचं एक पीस असायचं. ते बंद खिडकीच्या फटीशी धरायचे. पीस हललं की म्हणायचे, "हं." चहा उभ्यानेच, तोही ओल आलेल्या भिंतीजवळ. लोकांची कपाटं उघडून वास घ्यायचे. त्यापायी एका घरात त्यांना चोर समजून कोंडलं होतं. कुणी म्हणालं, "काय छान वारा सुटलाय," तर विचारायचे, "कुठून?" कुठल्याही घराला चांगलं म्हणायचे नाहीत. फार झालं तर म्हणायचे, "उभं आहे."

घरं तपासणं हा त्यांचा धंदा होता. घर विकत घेण्याआधी लोक त्यांना बोलवायचे. वादळांच्या दिवसांआधी बोलवायचे, आणि थंडी पडायच्या आत पुन्हा. ते वळचणीखालून वाकून जायचे, पन्हळीतला पाला काढायचे, माळ्यावर चढून वासे हलवून बघायचे. तिकडची थंडी कडाक्याची; नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाइपांना चिंध्या गुंडाळायचे. सगळे त्यांना टकटक म्हणायचे. त्यांना ते आवडायचं. दार वाजवून म्हणायचे, "टकटक आलाय, टकटक."

त्यांची एकच मुलगी. आई लवकर गेली, त्यामुळे ती वडिलांबरोबर लोकांच्या माळ्यांवरच वाढली. ते वर काम करायचे, ती खाली शिडी धरायची आणि त्यांचं बोलणं ऐकायची. ते म्हणायचे, "घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात ना? उलटं आहे. वासे आधी फिरतात. घराला मागाहून कळतं." आणखी एक गोष्ट ते प्रत्येक घरी बजावायचे. छप्पर बांधायचं तर वाऱ्याच्या बाजूने सुरुवात करायची. आणि सुरुवात केली की पुरं करायचं. अर्धं बांधलेलं छप्पर न बांधलेल्यापेक्षा वाईट. वारा सैल बाजू शोधतो आणि सगळा जोर तिथेच लावतो.

तिचं लग्न ठरलं ते शहराच्या टोकाच्या एका घरात. पुढे गल्ली, मागे मोकळं मैदान. ते घर तिच्या सासऱ्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. अण्णांना घराचा भारी अभिमान. बोलणी करायला आलेले वडील बैठकीत बसायच्या आधीच वर बघायला लागले, तेव्हा अण्णा हसून म्हणाले, "सोयरीक करायला आलात की घर विकत घ्यायला?"

सगळे हसले. वडीलही हसले. मग म्हणाले, "माळ्यावर जरा जाऊन येऊ का?"

ते खाली आले तेव्हा कोपराला कोळ्याची जाळी लागली होती. वासे भिंतीवर नुसते ठेवून वरून खिळे मारले होते. बाकी काही नाही. वडिलांनी ते तसंच सांगून टाकलं. लोखंडी पट्ट्या मारून प्रत्येक वासा भिंतीला बांधायला हवा. नाहीतर एका मोठ्या वाऱ्याचं काम आहे.

अण्णांनी कप खाली ठेवला. "या छपराखाली माझी मुलं वाढली, टकटकसाहेब. त्याला ताप आलेला नाही. नाडी बघायची गरज नाही."

लग्न झालं. मोडायला हे काही कारण नव्हतं. पण त्यानंतर वडील आले की अण्णा दारातूनच म्हणायचे, "या, या. मान खाली घालून या." सासूबाई पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या वाईट नव्हत्या. सुनेला दोन वेळा गरम वाढायच्या आणि स्वतः गार खायच्या. त्यांची खोली मैदानाच्या बाजूला होती, हवेशीर म्हणून. मुलीची आणि तिच्या नवऱ्याची खोली गल्लीच्या बाजूला.

वडील तरी कुठे गप्प बसणारे? जेवताना, निघताना, फोनवर, फिरून फिरून गाडी छपरावर. शेवटी तिनेच त्यांना बजावलं.

"बाबा, या घरात आता छपराचं नाव काढू नका. मला इथे राहायचंय."

"म्हणूनच तर काढतोय."

"तुम्ही बोलून जाता. मग आठवडाभर मी ऐकते."

पुढचे कित्येक महिने त्यांनी खरंच नाव काढलं नाही. आले की मान खाली घालून बसायचे आणि चपलांकडे बघायचे.

दुसऱ्या वर्षी मोठं वादळ येणार अशी बातमी आली. त्याच सुमारास नात्यातलं एक लग्न होतं. घरचे सगळे तीन दिवसांसाठी गेले. ती कामावरून रजा मिळाली नाही म्हणून मागे राहिली. सगळे गेले त्या दुपारी ती कामावरून येते तर वडील दारात उभे. खांद्यावर शिडी, हातात पट्ट्यांची जड पिशवी.

"त्यांना कळणारही नाही," ते म्हणाले. "माळ्यावर कोण जातंय?"

तिने दार उघडलं. ते तिच्या मनातून पुढे कधीच गेलं नाही. दार तिने उघडलं होतं.

त्या दोन दुपारी ती सुखात होती. लहानपणासारखी शिडी धरून उभी राहिली. वर ते पट्टी वाशावरून वळवून भिंतीत ठोकायचे आणि मधूनच ओरडायचे, "चहा!" एकदा म्हणाले, "तुझ्या सासऱ्याने खिळे मात्र चांगले वापरलेत. आपलं घर खिळ्यांवर तरंगतंय हे त्याला माहीत नाही, एवढंच." ती हसली. अण्णांवर असं हसण्याची ती पहिलीच वेळ होती. ते गल्लीच्या बाजूने काम करताहेत हे तिला दिसत होतं. तिने विचारलं नाही.

लग्नाला गेलेले लोक वादळाच्या धास्तीने एक दिवस आधीच परतले. तोवर गल्लीकडचं पाखं, म्हणजे छपराची त्या बाजूची उतरण, बांधून झालं होतं. वडील मैदानाकडच्या पहिल्या वाशाला हात घालत होते. खालून अण्णांचा आवाज आला.

"खाली उतरा."

"व्याही, एवढी बाजू राहिलीय. उद्या दुपारपर्यंत होईल."

"माझ्या घरात चोरून शिरलात. खाली उतरा."

"शिव्या नंतर द्या. मी ऐकून घेईन. पण हे अर्धं सोडून चालणार नाही. अर्धं बांधलेलं न बांधलेल्यापेक्षा वाईट."

"मग बांधलंत कशाला?"

नवरा तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "तू मध्ये पडू नकोस." ती पडली नाही. वडील उतरले. पिशवी उचलली. दारात वळून म्हणाले, "निदान आज-उद्या सगळे पुढच्या खोलीत झोपा."

"माझी खोली मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. आधी मैदानातली धूळ उभी राहिली, मग दिसेनासं झालं. ती स्वयंपाकघरात होती. मोठं कापड टर्रकन फाटावं तसा आवाज झाला. मैदानाकडचं पाखं उचललं गेलं. सासूबाई खिडकी लावायला खोलीत गेल्या होत्या. एक वासा त्यांच्या कमरेवर आला.

गल्लीकडचं पाखं जागचं हललं नाही. तिच्या खोलीत उशीसुद्धा भिजली नाही.

इस्पितळातून आल्यावर सासूबाई खाटेला खिळल्या. ओरडल्या नाहीत, कुणाला दोष दिला नाही. त्यांना उठवणं, बसवणं, पुसणं सुनेकडे आलं. त्यांची खाट आता सुनेच्या खोलीत हलवली होती, कारण कोरडी खोली तेवढीच होती. अण्णा दारात येऊन उभे राहायचे. एका संध्याकाळी म्हणाले,

"एक सांग. वारा कुठून येतो इथे?"

"मैदानाकडून."

"तुझ्या वडिलांना माहीत होतं?"

"हो."

"मग सुरुवात कुठून केली त्यांनी?"

ती सासूबाईंची कूस बदलत होती.

"आपल्या लेकीच्या डोक्यावरचं बांधलं," अण्णा म्हणाले. "आमच्या डोक्यावरचं सैल करून गेले."

सैल केलं हे खोटं होतं. छप्पर आधीपासून सैलच होतं, आणि ते पुरं करण्यापासून अण्णांनीच अडवलं होतं. पण पहिली अर्धी गोष्ट खरी होती. अण्णांना हे कळलं होतं, शहरालाही कळलं. शहराने ते आपल्या पद्धतीने वाढवलं. टकटकने व्याह्याचं छप्पर उडवलं. लोक त्यांना बोलवेनासे झाले. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षं पाइप गुंडाळले, ते रस्त्यात म्हणायचे, "यंदा आमचं आम्हीच करून घेऊ."

ती वडिलांकडे एकदाच गेली. नवऱ्याला न सांगता. ते मागच्या पडवीत कामाच्या टेबलाशी बसले होते. तिने उभ्यानेच विचारलं.

"मैदानाकडून का नाही सुरुवात केलीत?"

"वेळ पुरेल असं वाटलं."

"बाबा."

ते हातातल्या पट्टीची धार बोटाने तपासत राहिले. मग म्हणाले, "माळ्यावर चढलो. खाली फटीतून तुझी खाट दिसली. तिच्या बरोबर वरचा वासा हलत होता. हाताने हलवला तर हलत होता, पोरी."

"त्यांच्या खाटेवरचा?"

"तोही हलत होता."

तिला राग आवरला नाही. राग कुणावर ते तिला कळत नव्हतं. "मला वाचवलंत म्हणता. त्या घरात मी आता कोण आहे? रोज सासूबाईंना मी उचलते, आणि रोज त्या माझ्या छपराकडे बघत पडून असतात. तुम्ही आता येऊ नका. फोनही करू नका."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

अण्णांनी मैदानाकडचं पाखं नव्याने घातलं. त्याच पद्धतीने. फक्त खिळे जास्त लांबीचे. छपराचं काम चालू असताना दोन-तीनदा ती कपडे वाळत घालायला मागे गेली, तेव्हा मैदानापलीकडे कुणीतरी उभं दिसायचं. मान वर करून. तिने हात केला नाही. सासूबाई आतून विचारायच्या, "कोण आहे गं तिकडे?" ती म्हणायची, "कुणी नाही."

थंडी सुरू झाली आणि वडील गेले. छातीत कफ झाला होता, त्यांनी अंगावर काढला. शेजारच्या बाई दूध द्यायला गेल्या तेव्हा कळलं. सांत्वनाला आलेल्या लोकांत एकाने हलक्या आवाजात म्हटलं, "लोकांची घरं तपासली, स्वतःची छाती नाही तपासली." कुणी हसलं नाही, पण त्याला गप्पही केलं नाही. अण्णा आले नाहीत. सासूबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला आणि तसाच बराच वेळ राहू दिला. तिला ते सहन झालं नाही.

सामान आवरायला ती आणि नवरा गेले. घर थंडगार होतं. पडवीत टेबलावर पट्ट्या रचून ठेवल्या होत्या. प्रत्येक पट्टीवर खडूने एकेका वाशाची जागा लिहिली होती, मैदानाकडच्या पाख्यातली, डावीकडून उजवीकडे. नवे वासे त्यांनी मैदानापलीकडून बघूनच मोजले असावेत. भोकं पाडून झाली होती. निम्म्याहून जास्त पट्ट्या वाकवूनही झाल्या होत्या. बाकीच्या सपाट होत्या. एक टेबलाला बसवलेल्या शिकंज्याच्या जबड्यात अडकवलेली होती, जेमतेम वाकायला लागलेली.

नवऱ्याने एक पट्टी उचलून पाहिली. "न्यायच्या का?" मग स्वतःच म्हणाला, "अण्णांना दिसल्या तर घरात राहणं कठीण होईल. भंगारवाल्याला देऊ."

त्याने शिकंज्याचा दांडा फिरवला. तो घट्ट बसला होता. त्याने दोन्ही हातांनी जोर लावला.

"राहू दे," ती म्हणाली. "ती पुरी झालेली नाही."