राखेवर ठेवलेला जॅक

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आमच्याकडे जुनी जीप आली. हे तिच्यातून शेवगावच्या बाजाराला माणसं नेत-आणत. नगरच्या एका गॅरेजात त्यांनी दोन वर्षं काम केलं होतं, त्यामुळे काही बिघडलं की घरीच अंगणात जॅक लावून जीप उचलायची आणि खाली शिरायचं, अशी त्यांची रीत होती. ते खाली गेले की माझं कामात लक्ष लागत नसे.

आमच्या अंगणात पूर्वी पेव होतं, म्हणजे जमिनीत खणलेला धान्याचा खड्डा. माझ्या लग्नाआधीच ते बुजवलं होतं आणि घरातल्या सगळ्यांच्या लेखी ती जागा पक्की झाली होती. पण पावसाळा सरला की तिथली माती परातीएवढी खाली बसायची. हे मलाच ठाऊक, कारण अंगण मी सारवत असे. त्या साली खड्डा जास्तच पडला. दसऱ्याला पाहुणे यायचे होते. सासूबाई म्हणाल्या, "तुज्या अंगनात कोंबडी बसली तर दिसायची न्हाई." मुरूम टाकायचा तर कुणाला तरी आणायला सांगावं लागलं असतं, आणि मला तेवढंही सांगवत नसे. मी चुलीची साठलेली राख आणि थोडा भुसा त्यात दडपला, वरून शेणामातीचा जाड हात फिरवला. इतकं सपाट झालं, की सासूबाईंनी नावं ठेवली नाहीत. जीप उभी राही तेव्हा तिची चाकं त्या जागेच्या दोन्ही अंगांना असत, म्हणून कुणाला काही कळलं नाही.

पुढं आठ-दहा दिवसांनी यांना एक वऱ्हाड न्यायचं होतं आणि जीपमधून ऑईल गळत होतं. सकाळीच त्यांनी जॅक लावला. मामंजी बाजेवर बसले होते, त्यांच्याजवळ एक पाहुणे होते. मी चुलीवर दूध ठेवून दारापर्यंत आले आणि पाहिलं, तर जॅक नेमका माझ्या राखेवर उभा होता. पुढचं एक चाक वीतभर वर गेलं होतं. हे पोत्यावर उताणे पडून छातीपर्यंत आत गेले होते, बाहेर नुसते पाय. जॅकच्या बुडाभोवती सारवणाला गोल चीर पडली होती.

मामंजींसमोर मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. काही सांगायचं असलं की दाराची कडी वाजवायची. मी कडी वाजवली.

मामंजी म्हणाले, "च्या झाला जनू. यं रं भायेर."

"दोन नट ऱ्हायलेत. तुमी घ्या पिऊन," हे खालूनच म्हणाले.

पाहुणे हसले. "पोरगं जीपीच्या पोटातच ऱ्हातंय म्हना."

मी पुन्हा कडी वाजवली. मामंजींनी मान न वळवता चहा तिथंच ठेवायला सांगितलं. बोलले तर पाहुण्यांसमोर कळणार होतं, की या घरची सून राख दडपून वरून सारवते. न बोलले तर काय होईल ते समोर दिसत होतं. तरी पाय उंबऱ्यातच राहिले.

मग यांनी खाली पाना जोरात ओढला. जीप हलली आणि जॅक बोटभर घराच्या बाजूला कलला. मी अंगणात गेले.

"आवं, भायेर या. आदी भायेर या."

"काय झालं?"

"जॅकखाली राख हाय. म्याच भरलीया."

ते पाय रोवत, सरकत बाहेर आले. तेवढ्या वेळात मला जॅककडे बघवेना. मामंजी उठले, कोपऱ्यातली पहार घेतली आणि जॅकपासून हातभर लांब टोचली. जोर न लावता ती वीतभर आत गेली.

यांनी हळूहळू जॅक उतरवला. सगळ्यांनी मिळून जीप वेशीकडच्या खडकाळ जागेवर ढकलली. बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावले, जॅकखाली बाभळीची जाड फळी घातली. जीप वर गेल्यावर तिच्याखाली लाकडाचे ओंडकेही सरकवले, म्हणजे सगळा भार एकट्या जॅकवर नको. यांनी खांद्यानं रेटून ती हलते का पाहिलं आणि मगच खाली गेले.

जेवताना त्यांनी विचारलं, "किती येळ उभी हुतीस दारात?"

"आत्ताच आल्ते तवा," मी म्हणाले.

त्यांना ते पटलं. पुढं जॅक लावायच्या आधी ते मला हाक मारून जमीन दाखवत. आल्यागेल्याला सांगत, की ही बोलली म्हणून मी वाचलो. मी खाली बघत असे, आणि लोकांना तो लाजरेपणा वाटे.

खरं असं आहे, की मी दारात उभी होते तेवढ्या वेळात चुलीवरचं दूध उतू गेलं होतं. त्याचा करपल्याचा वास मला आला होता. आणि त्या सगळ्या वेळात मी, राखेचं कळल्यावर सासूबाई काय म्हणतील, याचा विचार करत होते.