सौरपंपाच्या आड आलेलं झाड

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. सौरपंपाबद्दल कुणी विचारलं की मी मोगऱ्याचं सांगायचो. झाडाचं कधी सांगितलं नाही.

मी मोखाड्याकडे कृषी सहायक होतो. एका पाड्यावर ओढ्याकाठच्या शेतकऱ्याला अनुदानातून सौरपंप मंजूर झाला. तो आणि त्याची बायको दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची, म्हातारी आई घरी एकटी राहायची. पंप बसला की हे जाणं थांबणार होतं. पण पॅनेलं बसवायची त्या जागेवर दुपारी बांधावरच्या मोहाच्या झाडाची सावली यायची.

मोह म्हातारीचा. पहाटे टोपली घेऊन ती खाली पडलेली फुलं वेचायची, अंगणात वाळवायची आणि पावसाळ्यात भाजून सगळ्यांना खायला द्यायची. मलाही तिने कितीदा मूठभर दिली होती. त्या वेळी झाड कळ्यांनी लगडलेलं होतं.

पॅनेलं वरच्या नाचणीच्या उतारावर बसली असती. फक्त केबल तिथवर पुरत नव्हती, दुसरी जव्हारहून मागवावी लागली असती. मार्चअखेर तोंडावर आली होती आणि मला काम पूर्ण दाखवायचं होतं.

"फुलं तरी पडू द्या, साहेब," म्हातारी म्हणाली. "मंग तोडा."

"सरकारचा नियम आहे, आई. पॅनेलवर सावली चालत नाही."

"तुमच्या सरकारला ऊन नाय लागत काय?"

पंप बसवायला आलेली माणसं हसली. मीही हसलो. अडून बसलात तर पंप दुसऱ्याला जाईल, असं मी तिच्या मुलाला सकाळीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. कुऱ्हाड त्यानेच चालवली.

पंप चांगला चालला. वांगी आली, मोगरा फुलला, वीटभट्टी सुटली. बाहेरून कुणी साहेब आले की मी त्यांना ते शेत दाखवायला न्यायचो. पुढच्या फाल्गुनात असाच सकाळी गेलो, तर म्हातारी रिकामी टोपली घेऊन तुटक्या बुंध्याशी बसलेली.

"सवय," एवढंच म्हणाली. मग उठून तिने पॅनेलखाली गोणपाट अंथरलं. "बसा साहेब. आता हीच सावली."

निवृत्तीनंतर खरं सांगायला म्हणून दोनदा गेलो. दोन्ही वेळा तिने कोरा चहा पाजला. सुनेने झाडाचा विषय काढला, तर म्हातारीच तिला म्हणाली, "साहेबाला काय बोलतेस? त्याला वरून हुकूम होता." त्यानंतर माझं तोंड उघडलं नाही.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ती नव्हती. मुलाने मला मानाने बसवलं. त्याला तर सांगणंच शक्य नव्हतं, कुऱ्हाड त्याच्या हातात होती. निघताना त्याने ओंजळभर मोगरा दिला, तो मी बुंध्यावर ठेवला आणि थोडा वेळ उभा राहिलो. तिथेही ओठावर आलं नाही.

आई, असा नियम नव्हता. झाड राहिलं असतं. मला माफ करा.