बाकावर कधी न बसलेला कप्तान

मास्तर गेल्याला पंधरवडा होत आला तेव्हा रविवारच्या वर्तमानपत्रात त्यांच्यावर पानभर लेख आला. मास्तर म्हणजे बास्केटबॉलचे मास्तर, सलग सात वर्षं करंडक दुसऱ्या कुणाच्या हाती लागू न देणारे. लिहिणाऱ्याने त्यांची तोंडभरून स्तुती केली होती आणि शेवटच्या परिच्छेदात मात्र दुधात मिठाचा खडा टाकला होता. मास्तरांच्या सर्वात गाजलेल्या संघातले पहिले पाचही खेळाडू पुढे प्रशिक्षक झाले, आणि पाचांतल्या एकालाही यश आलं नाही. दोघांनी दोन-तीन वर्षांत शिट्टी खुंटीला टांगली, एकाला क्लबने काढून टाकलं, एक खेळाच्या सामानाच्या दुकानात जाऊन बसला. पाचवा अजून मुलींच्या एका संघाला शिकवतो, पण सहा वर्षांत त्याने उपांत्य फेरीचं तोंड पाहिलेलं नाही. वडाच्या सावलीत दुसरं झाड वाढत नाही, असं म्हणून लेखक मोकळा झाला होता.

तो पाचवा म्हणजे कप्तान. संघ मोडून तीस वर्षं झाली तरी त्याला सगळे कप्तानच म्हणत, बायकोसुद्धा, अर्थात ती चिडली की. दिवसा तो पाण्याचे मीटर दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळेत काम करी. बंद पडलेला मीटर उघडायचा, आतली चक्री साफ करायची, पुन्हा बसवून त्यातून पाणी सोडून तपासायचा. संध्याकाळी साडेपाचला हात धुऊन तो थेट मैदानावर जाई. कार्यशाळेत तो पोटासाठी जात होता आणि मैदानावर जिवासाठी, हे घरच्यांना माहीत होतं आणि त्यांनी त्यावर बोलणं कधीच सोडून दिलं होतं.

मास्तरांचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. चुकेल तो बसेल, बाकीचे धावतील. बास्केट हुकणं ही चूक नव्हती. मोकळा साथीदार न पाहताच चेंडू फेकणं, उशिरा येणं, हद्दीवरून हुज्जत घालणं या चुका. चुकणाऱ्याने कडेच्या लाकडी बाकावर जाऊन बसायचं आणि बाकीच्या अकरांनी मैदानाला दहा फेऱ्या मारायच्या. कप्तानाने तो नियम जसाच्या तसा उचलला होता. लोक देवाची मूर्ती घरी आणतात तसा त्याने तो आणला आणि सहा वर्षं पूजला.

नियमाबद्दल बोलताना त्याची मान जरा ताठ होई. चार वर्षं तो मास्तरांकडे खेळला आणि त्या बाकावर एकदाही बसला नाही. ही बढाई नव्हती, बाकीचे अकराही तेच सांगत. मास्तर अंथरुणाला खिळल्यावर कप्तान त्यांना भेटायला गेला होता. त्यांनी त्याचा हात बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, "तू एकदाही बसला नाहीस रे." कप्तानाने ते वाक्य काळजात जपून ठेवलं होतं. आयुष्यात मिळालेली तेवढीच एक पावती, असं तो म्हणे.

आणि लेख आला त्याच आठवड्यात घाई संघ सोडून गेली.

घाई हे तिचं मुलींनी ठेवलेलं नाव. चौदा वर्षांची, अंगाने काटकुळी, चेंडू हातात आला की तो तापल्यासारखा फेकून मोकळी होणारी. समोर कोण आहे, कोण मोकळं आहे, हे बघायला तिला सवड नसे. त्यामुळे बाकावर तीच बसे आणि बाकीच्या सात जणी धावत. पहिले काही दिवस मुली कुरकुरल्या. मग त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं, मग तिला चेंडू देणं सोडलं. एका संध्याकाळी तिची सहा नंबरची जर्सी क्लबच्या खिडकीत घडी करून ठेवलेली सापडली.

अशी जाणारी ती चौथी मुलगी. क्लबचे सचिव सभ्य माणूस होते, त्यांनी आवाज चढवला नाही. स्पर्धेला किमान आठ नावं लागतात, तुमच्याकडे सात उरली, शनिवारपर्यंत आठवं नाव आलं नाही तर मुलींचा संघ बंद करून मैदान दुसऱ्यांना देऊ, एवढंच ते म्हणाले. कप्तानाने मान हलवली. त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंच. संघ गेला की संध्याकाळ गेली, आणि संध्याकाळ गेली की उरणार काय, तर मीटर.

घरी येऊन त्याने जर्सी टेबलावर टाकली आणि हल्लीच्या मुलींना काही सोसत नाही, असं बडबडला. बायकोने ती उचलून उलटसुलट पाहिली.

"धुतलीय. इस्त्रीही केलीय," ती म्हणाली. "रागावलेली पोरगी इस्त्री करत बसत नाही हो."

कप्तानाला ते ऐकू आलं, पण त्याचं डोकं त्या लेखात अडकलं होतं. त्याने वर्तमानपत्राला चांगलं दोन पानी खरमरीत पत्र लिहिलं. मास्तरांची पद्धत अचूक होती, खोट काळात आहे, असा त्याचा सूर होता. खाली जुन्या संघातल्या सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, म्हणजे त्या लेखकाचं तोंड बंद होईल. शुक्रवारी त्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि सह्या गोळा करायला निघाला. यादीत शेवटचं नाव गळक्याचं होतं.

गळका हा बारावा खेळाडू. हातात आलेला चेंडू हमखास निसटायचा म्हणून गळका. मास्तरांच्या बाकाची एक फळी त्याच्या बसण्याने झिजली, अशी तेव्हा चेष्टा चाले. त्याला प्रशिक्षक म्हणून कोण विचारणार? क्लबांना नाव हवं असतं, आणि नावं पहिल्या पाचांची होती. गळका बसच्या आगारात लागला, चालक झाला आणि आता नव्या चालकांना शिकवत होता.

आगाराच्या मागच्या आवारात एक जुनी बस सावकाश वळणं घेत होती. कप्तान तिच्यात चढला. सुकाणूवर अनुभवी चालक होता, आणि शिकायला आलेले तिघे दांडगे पुरुष सगळ्यात मागच्या सीटवर अंग चोरून बसले होते. चालकाने मुद्दाम ब्रेक दाबला की तिघेही सीटवरून उडत. गळका त्यांच्या शेजारी बसून, काय झालं, कुठे लागलं, असं शांतपणे विचारत होता.

बस थांबल्यावर कप्तानाने हसत विचारलं की यांना गाडी कधी देणार. गळका म्हणाला की पहिले तीन दिवस कुणीही सुकाणूला हात लावायचा नाही, मागे बसून नुसतं बघायचं. अठरा वर्षांत त्याच्या हाताखालून दोनशेच्या वर चालक गेले होते आणि बसमध्ये माणूस पडल्याची तक्रार त्यातल्या कुणाविरुद्ध आली नव्हती. हे त्याने सांगितलं नाही. आगाराच्या फलकावर लिहिलेलं होतं, कप्तानाने ते उतरताना वाचलं.

दोघे कँटीनमध्ये बसले. गळक्याने पत्र दोनदा वाचलं, पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. मग संघ कसा आहे, असं विचारलं. कप्तानाने घाईचं सगळं सांगितलं.

"ती बाकावर बसते तेव्हा तू कुठे असतोस?" गळक्याने विचारलं.

"धावणाऱ्यांजवळ. फेऱ्या मोजत."

"मग तिच्याजवळ कोण असतं?"

"कोणी नाही. तीच तर शिक्षा आहे."

गळक्याने पेन खाली ठेवलं.

"मास्तर आमच्याजवळ येऊन बसायचे," तो म्हणाला. "तुला माहीत नाही?"

कप्तानाला माहीत नव्हतं. म्हणजे मास्तर बाकाकडे जातात हे त्याला दिसे, पण ते झापायला जातात असं तो धरून चालला होता. धावताना तो मागे बघत नसे. पुढे राहायचं ही त्याची खोड होती.

मग गळक्याने सांगितलं. मास्तर चुकीबद्दल चकार शब्द काढत नसत. शेजारी बसून विचारत, सांग, यातला कोण दमलाय? कुणाचा पाय दुखतोय? तुझ्यावर सगळ्यात जास्त कोण चिडलाय? बघून सांगायचं, अंदाजपंचे नाही. फेऱ्या संपल्या की पाण्याचा कॅन त्याच्याच हातात देत आणि म्हणत, जो सगळ्यात जास्त चिडलाय त्याला आधी पाणी दे. शंभर वेळा बसून गळक्याला माणसाच्या खांद्यावरून त्याचा थकवा ओळखता येऊ लागला होता.

"आम्हाला वाटायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे," गळका म्हणाला. "आम्ही सात जण तर पाळीपाळीने तिथेच असायचो. पण तुम्ही पहिले पाच कुठे चुकत होतात? आणि तू तर कधीच नाही. मास्तर एकदा मला म्हणाले, या पोराला बसवायची संधीच मिळत नाही, याचं पुढे कसं होणार."

तू एकदाही बसला नाहीस रे. मास्तरांनी हात सोडला नव्हता तो का, हे कप्तानाला आत्ता कळलं. पावती म्हणून जपलेली ती गोष्ट म्हाताऱ्या माणसाची खंत होती. आपल्यामुळे त्यांना जाताना ती घेऊन जावी लागली, या विचाराने त्याला भडभडून आलं. त्याने डोळे पुसले नाहीत आणि गळक्याने ते पाहिल्याचं दाखवलं नाही. पत्राची घडी खिशात घालून तो उठला. सहीचं नाव दोघांनीही काढलं नाही.

आगारातून तो थेट घाईच्या घरी गेला. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत तिच्या मावशीचं इस्त्रीचं टेबल आणि त्यावर परक्यांच्या कपड्यांचा ढीग. घाई शर्टांना बटणं लावत होती. कप्तानाने जर्सी पुढे केली आणि चूक माझी होती, असं म्हणाला. तिने सुई थांबवली नाही.

"मी आले की त्या परत धावणार ना?" तिने विचारलं.

"उद्या माझ्यामुळे धावतील," तो म्हणाला. तिला ते कळलं नाही, आणि त्यालाही यापेक्षा नीट सांगता आलं नाही. मावशीने जर्सी ढिगावर ठेवून घेतली. येते असंही घाई म्हणाली नाही, येत नाही असंही नाही.

शनिवारी सात मुली रांगेत उभ्या राहिल्या. दारात सचिव स्पर्धेचा कागद घेऊन उभे होते. कप्तानाने मुलींना सांगितलं की चार जणी या मैदानावरून गेल्या, ती चूक त्याची आहे, आणि नियम सगळ्यांना एकच. मग तो चालत जाऊन बाकावर बसला. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एक फिसकन हसली. मग वेणीवाली, जी संघाची कप्तान होती आणि घाईवर सगळ्यात जास्त चिडलेली होती, धावू लागली आणि तिच्यामागे बाकीच्या निघाल्या.

बावन्नाव्या वर्षी कप्तान पहिल्यांदा त्या जागी बसला. लाकूड कडक होतं, आणि बसून राहणं त्याला धावण्यापेक्षा अवघड वाटलं. पोरी आपल्यामुळे धावताहेत आणि आपण नुसतं बघायचं, ही लाज त्याला नवी होती. तो डोळे फाडून बघत होता, पण त्याला सात मुली धावताना दिसत होत्या, एवढंच.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला शेजारची फळी हलली. घाई येऊन बसली होती, अंगात सहा नंबर.

कप्तानाने तिच्याकडे वळून पाहिलं नाही. त्याने विचारलं, "कोण दमलंय?"

तिने आधी एक पूर्ण फेरी बघून घेतली. त्या दिवशी तिला घाई नव्हती.

"दमलं कुणी नाही," ती म्हणाली. "पण निळ्या बुटांवालीला डावा बूट लहान होतो, वळताना बघा, ती पाय तिरका टाकते. दोन नंबरला पोटात दुखतं, ती सांगत नाही. उंच आहे ना, ती मुद्दाम मागे राहते, शेवटची एकटी पडू नये म्हणून. आणि वेणीवाली चिडली की तोंडाने श्वास घेते. आज नाकाने घेतेय."

कप्तान बघत राहिला. ती सांगेल तसं त्याला ते एकेक दिसू लागलं. पाय तिरका पडत होता. उंच मुलगी मागे रेंगाळत होती. हे सगळं इतके महिने या पोरीला एकटीला दिसत होतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

"अजून काही?" त्याने विचारलं.

घाईने जर्सीची कड बोटाला गुंडाळली. "राग येईल तुम्हाला."

"नाही येणार."

"तुम्ही फेऱ्या मोजायला चुकता, सर. पहिली धरतच नाही. दहा म्हणता आणि दरवेळी अकरा होतात."

"मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्हाला कोण सांगणार?" ती म्हणाली.

त्याने पाण्याचा कॅन उचलून तिच्या हातात दिला आणि तिच्याबरोबर मनातल्या मनात पुढच्या फेऱ्या मोजू लागला, या खेपेला सुटलेली पहिली धरून. दहावी संपली तशी त्याने शिट्टी वाजवली. सवयीने सातही मुली अकराव्या फेरीला लागल्या होत्या. त्याने बाकावरून उठून त्यांना हाक मारली आणि झाल्या, परत या, असं सांगितलं.